दरडोई

सरकारचा माणूस घोड्यावरून आला
जूनमध्ये, बर्फ गुडघाभर असताना,
घोंगडीच्या आत लॅपटॉप धरून,
जसं कुणी नुकतं जन्मलेलं कोकरू आणावं.
म्हणाला, डोकी मोजायची आहेत.

मी दवाखान्याचा पहारेकरी.
सिस्टर केनेउवे गेल्यापासून नोंदवहीही मीच लिहितो.
म्हटलं, मोजा.
डोकी इथे पुष्कळ. हात कमी पडतात.

त्यानं समजावलं :
देशाची सगळी कमाई एका ढिगात घालायची,
ढिगाला डोक्यांनी भागायचं,
जे उरेल ते दरडोई.
माझी बायको तेव्हाच झऱ्यावरून आली.
डोईवर बादली, बादलीत बर्फाचे तुकडे.
म्हणाली, माझा वाटा बादलीशेजारी ठेवून द्या,
मला वाकायला लावू नका.

सानीचा घाट उतरला
की तोच भागाकार वेगळा येतो.
माथ्यावर शिक्का मारायची एक खोली आहे, एवढाच काय तो फरक,
आणि खाली डांबरी रस्ता.
आमच्याकडचं सगळं उताराला लागतं :
लोकर, मोहेर, बोगद्यातून पाणी,
बारावी झालेली पोरं.
केनेउवे उतरली ती पीटरमारिट्सबर्गला,
काचेच्या दाराच्या दवाखान्यात.
तिथे जागा झाली होती, कारण झानेले नावाची कुणी लीड्सला गेली,
आणि लीड्सला जागा झाली होती, कारण तिथली कुणी
अजून पुढे, समुद्रापार.
सगळ्या एकेक खुर्ची पुढे सरकल्या.
रिकामी खुर्ची मात्र इथेच राहिली.
पाठीला तिचं निळं स्वेटर आहे अजून.
मी त्यावर बसत नाही.

मी तिला दोष देत नाही, हे लिहून घ्या.
तिच्या पैशांवर तिची तीन भाचरं शाळेत जातात,
आणि मागच्या वर्षी सलाइनच्या बाटल्या संपल्या तेव्हा
मेंढ्यांच्या ट्रकमधून तिनेच एक खोका पाठवला.
असं करायला कुणी सांगितलं नव्हतं.

दिपुओ नवव्या महिन्यात घाट उतरली.
शिक्केवाल्यानं विचारलं, कशासाठी?
ती म्हणाली, बहिणीला भेटायला.
त्यानं तिच्या पोटाकडे पाहिलं, मग आभाळाकडे,
आणि शिक्का मारला. भला माणूस.
पोरगं खाली जन्मलं, पाठीला बांधून वर आलं.
आता सांगा, ती डोई कुणाच्या भागाकारात?
सरकारी माणसानं बराच वेळ पडद्यावर बोट फिरवलं.
तसा रकाना नव्हता.

मग आले न्ताते मोत्लात्सी.
अठ्ठावीस वर्षं वेल्कमच्या सोन्याच्या खाणीत.
सोनं तिकडेच राहिलं, त्यांच्या ढिगात.
धूळ तेवढी छातीतून इकडे आली,
ना पासपोर्ट, ना शिक्का.
दारापासून बाकापर्यंत सात पावलं,
ते दोनदा थांबले.

मी फोन लावला. वीस रँडचा बॅलन्स होता.
केनेउवेनं नमस्कार नाही, काही नाही,
एकदम म्हणाली, छातीला लाव. डाव्या बाजूला, खाली.
मी घोंगडी बाजूला केली, शर्टाचं बटण काढलं,
बरगड्यांवर फोन टेकवला.
श्वास घ्यायला सांग, ती म्हणाली.
घेतला. वाळूवरून गाडं ओढल्यासारखा आवाज.
सोडायला सांग.
सरकारी माणसानं लॅपटॉप मिटला.
पाठीवर लाव आता. पुन्हा. हळू.

तिच्याकडे कुठेतरी घंटा वाजली.
थांब, ती म्हणाली, बारा नंबरच्या बाई बोलावताहेत, आलेच,
आणि चपलांचा आवाज लांब गेला
चकचकीत फरशीवरून.

न्ताते श्वास घेत होते, सोडत होते,
सांगितल्यासारखे, शहाण्या मुलासारखे.
मी फोन तसाच धरून उभा राहिलो,
हात अवघडला तरी,
तिकडे कुणी ऐकतंय की नाही
ते न कळता.